सात खिळे

दादांच्या केसमध्ये ‘द्ध’चे खिळे सातच.
आठवा लागला की उलटा खिळा लावायचे,
डोकं खाली, बूड वर,
मुद्रितावर तेवढ्या जागी काळा चौकोन.
“पुढच्या फर्म्यातून सुटला की येईल,”
मालकांना सांगायचे.
नारायण पेठेतल्या त्या छापखान्यात
युद्ध, शुद्धलेखन आणि बुद्धिबळ
एका वेळी बसत नसत.

माझं नाव म्हणून मालन.
एकही जोडाक्षर नाही,
कुणाच्या खणातून काही मागायला नको.
धाकट्याचं आत्यानं ठेवलं: प्रद्युम्न.
दादा महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत.

जोडणं मला त्यांनी चिमट्यानं शिकवलं.
‘त्य’ करायचा तर ‘त’नं दंड सोडायचा.
‘ग्न’ करायचा तर ‘ग’नं.
“लग्न लिहून बघ, कोण सोडतं ते दिसेल.”
आई आतून, कढईवरची नजर न काढता:
“आणि ‘र’?
कधी डोक्यावर बसतो, कधी पायात घोटाळतो,
स्वतः सोडत मात्र काही नाही.”
दादा गप्प.
त्यांचं नाव रघुनाथ.

पुढे ससूनला एकतीस वर्षं, ऑपरेशन थिएटरात.
तिथंही बांधणंच, पण
धमनी दोन जागी बांधायची
ती मधोमध कापायची म्हणून.
सर न बघता हात पुढे करत,
मी तळहातावर रेशीम ठेवी.
तिसरी गाठ बसली की
कुणीच काही बोलत नसे, क्षणभर.
घरी सांगितलं तर दादा म्हणाले,
“मग ते जोडाक्षर कसलं? तो पूर्णविराम.”

रजिस्टरात मात्र शब्द एकच, लिगेचर.
आणि प्रद्युम्नच्या क्लॅरिनेटवरही तोच:
पत्तीला मुखाशी धरणारी पितळी कडी, दोन स्क्रूंची.
शनिपाराशी वरात अडली की
तो अंगठ्यानं स्क्रू चाचपायचा.
“आवळलं तर पत्ती गुदमरते, ताई,
सैल सोडलं तर नुसती फुंकर.
अर्ध्या फेऱ्याचा खेळ.”
त्याचं स्वतःचं दोन वर्षांत मोडलं.
फेरा कुठल्या बाजूनं चुकला
मी विचारलं नाही.

एकदा रात्रपाळीला एक मुलगी आणली.
मेंदी अजून रंगायची होती.
नव्या डॉक्टरनं केसपेपरवर लिहिलं,
लिगेचर मार्क,
आणि पेन तिथंच धरून उभा राहिला.
मी त्याला चहा करून दिला.
हे दादांना कधी सांगितलं नाही.

दादा गेले माघात.
अप्पा बळवंत चौकातला मुलगा
स्क्रीन माझ्याकडे वळवतो:
भावपूर्ण, आणि पुढे
‘द’ वेगळा, ‘ध’ वेगळा,
मधे पाय मोडल्याची तिरकी खूण.
“फॉन्ट बदलला की तुटतं, काकू. वाचता येतंय ना?”

येतंय.
म्हात्रे पुलावरून रोज बघते तशी मुठा,
वर खडकवासल्याला गाठ मारलेली,
तीही नदी म्हणून वाचता येतेच.

पर्समधून रुमालाची पुडी काढली.
केस भंगारात गेली तेव्हा सातातला एक
मी मागं ठेवला होता.
शिसं, बोटाला गार, आरशातला ‘द्ध’.
त्यानं उलटसुलट करून बघितला,
“स्कॅन करू?”

नको, म्हटलं.
तेवढ्या जागी काळा चौकोन टाक.
“लोक विचारतील, काकू.”
विचारू देत.
सांगेन, अडकलाय दुसरीकडे,
सुटला की येईल.